बटण सेल, दहा नग

माझ्या नावातच साहेब आहे. लालासाहेब. त्यामुळं कंपनीत मला वेगळं साहेब म्हणायचे कष्ट कुणाला पडत नाहीत, आणि आईबापानं बारशालाच दिलेल्या मोठेपणावर मीही फार फुगत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी बावीस वर्षं खरेदी बघतो. भट्टीची वीट असो की टाचणी, कुठल्याही खात्याला काही हवं असलं की त्याची यादी माझ्या टेबलावर येते. माझी सही झाल्याशिवाय ती पुढं सरकत नाही.

सही करण्याआधी मी यादीतली एक ओळ खोडतो. ही विद्या माझ्या आधीच्या खरेदी अधिकाऱ्याची. "काही न खोडता सही केलीस तर लोकांना वाटेल तू वाचलंच नाहीस," असं तो म्हणायचा. मला ते पटलं. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही यादी जशीच्या तशी गेलेली नाही, आणि याचा मला गेल्या वर्षापर्यंत अभिमान होता.

लोकही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सगळी खाती यादीच्या शेवटी एक फालतू ओळ घालायला शिकली. आमचा इलेक्ट्रिशियन आकाराम, फौजेतून हवालदार होऊन आलेला, शिराळ्याकडचा ऊसकरी गडी. त्याच्या प्रत्येक यादीत शेवटी ठरलेलं असायचं: टॉर्च, दोन नग. मी टॉर्च खोडायचो, त्याला तारा मिळायच्या. त्याला टॉर्च नको होता हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. दोघांना माहीत असलं की कुठलीही वाईट रीत सुरळीत चालते.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्याकडं ट्रकच्या ब्रेकचे भाग ओततात. लोखंड ओतताना आत हवेचा फुगा राहिला तर बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक भागाचा एक्स-रे काढतात. तो फोटो पंधरा वर्षं जपून ठेवायचा, ही गिऱ्हाइकाची अट. उद्या रस्त्यात कुठं ब्रेक तुटला तर पहिला फोन आम्हाला येतो आणि फोटो मागतात. फोटो सापडला नाही तर चूक आमची.

हे फोटो पूर्वी कॉम्प्युटरला जोडलेल्या एका मोठ्या डब्यात राहायचे. तो भरला, त्याहून मोठा आणला, तोही भरला. त्यात साताऱ्यात आमचा दुसरा कारखाना सुरू झाला, म्हणजे फोटो दुप्पट. तेव्हा मालक राजवर्धन यांनी ठरवलं की आता मोठा डबा नाही. साधी पाच मशिनं घ्यायची, ती एकमेकांना जोडायची आणि वरून असं सॉफ्टवेअर घालायचं की पाचांचं मिळून एकच कोठार व्हावं. भरलं की सहावं मशिन जोडायचं. पंगत वाढली की एक पाट जादा मांडतो, तसं. मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, पण पाटाचं कळलं.

असं कोठार बांधायच्या पद्धती म्हणे डझनभर आहेत. चाळून चाळून दोन राहिल्या. एक साताऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघणाऱ्या ऋषिराजनं सुचवलेली, दुसरी आमच्या समीक्षानं. त्यांची नावं परदेशी आणि जीभ अडकवणारी, म्हणून कारखान्यात एकीला सातारी म्हणू लागले, दुसरीला सांगली.

सातारी पद्धत साधी. फोटो अख्खा, दोन ठिकाणी ठेवलेला. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी डिस्क काढून कुणालाही उघडता येईल असा. पण सहावं मशिन जोडलं की जुना माल नव्या जागेत हातानं सरकवायचा, आणि एखादी डिस्क गेली तर माणसानं उठून बघायचं. सांगली पद्धत हुशार. ती फोटोचे तुकडे करायची, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती पाच मशिनांत पसरायची, आणि एखादं मशिन मेलं तर उरलेली आपसांत ठरवून कमी पडलेल्या प्रती पुन्हा करायची. माणसाला उठवायची गरज नाही.

"आपसांत ठरवून म्हणजे कसं?" मी समीक्षाला विचारलं होतं.

"मतदान करतात, साहेब. पाचातल्या तिघांचं जमलं तर ते खरं."

"म्हणजे ग्रामपंचायतच की."

"हो. फक्त इथं कुणी पार्टी बदलत नाही," ती म्हणाली.

समीक्षा कोळेकर. जत तालुक्यातल्या एका वाडीची. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. बाप अर्जुना अजूनही वर्षातले काही महिने कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरतो, उरलेल्या वेळात थोडी डाळिंबं बघतो. पोरगी सांगलीत शिकली आणि आमच्याकडं कॉम्प्युटर बघायला कंत्राटावर लागली. कंत्राट दिवाळीपर्यंतचं. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की सांगली पद्धत निवडली तर ती सांभाळायला कुपवाडला एक कायमची जागा काढू, आणि ती समीक्षाची. सातारी निवडली तर ऋषिराजची माणसं तिथूनच दोन्हीकडचं बघतील, इथं जागेची गरज नाही. अर्जुनानं फोनवर यातलं पहिलं अर्धं ऐकलं आणि वाडीत पेढे वाटून मोकळा झाला. त्यामुळं त्या पोरीला नोकरी लागायच्या आधीच ती टिकवायची वेळ आली होती.

दोन्ही पद्धती तीस दिवस शेजारी शेजारी चालवून बघायचं ठरलं. ऋषिराज साताऱ्याहून आपली पाच नवी मशिनं घेऊन आला. समीक्षानं माझ्याकडं यादी पाठवली. पुण्यातल्या कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातली पाच जुनी मशिनं, डिस्क, केबल, जोडणीचा डबा, आणि शेवटची ओळ: बटण सेल, दहा नग. तिचं म्हणणं होतं, असल्या कोठाराला मशिनं भारी लागत नाहीत, जुनी चालतात. मला तेवढ्यावर ती आवडली होती.

यादीत फक्त पाच ओळी होत्या. मी शेवटची खोडली.

ती टेबलाशी आली. "साहेब, ते सेल लागणार होते."

"हे काय घड्याळाचं दुकान आहे?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. ती हसली नाही. "मशिनाच्या आतलं घड्याळ त्यावर चालतं. जुन्या मशिनांचे सेल संपत आलेले असतात."

"मशिन कशावर चालतं? विजेवर ना?"

"हो."

"मग वीज आहे."

"वीज गेली तर..."

"यूपीएस आहे."

ती माघारी गेली. पदरच्या पैशानं आणावेत तर कंपनीच्या मशिनात बाहेरची वस्तू घालायला खरेदी खात्याची परवानगी लागते, म्हणजे पुन्हा मीच. मी माझ्या वादावर खूश होतो. तीन वाक्यांत गप्प केलं, असं मी डबा खाताना कुणाला तरी सांगितल्याचंही आठवतं. यादीत फालतू ओळ घालायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लागेल तेवढंच लिहिलं होतं, आणि लागेल तेवढंच लिहिणारं माणूस माझ्या टेबलावर बावीस वर्षांत आलं नव्हतं.

दोन्हीकडची दहा मशिनं जुन्या पॅटर्न स्टोअरमागच्या, म्हणजे साच्यांचे नमुने ठेवायच्या कोठीमागच्या खोलीत मांडली. दारावर समीक्षानं ठळक अक्षरांत पाटी लावली: ही मशिनं बंद करू नयेत. तीन आठवडे दोन्ही पद्धती गुणी लेकरांसारख्या चालल्या. समीक्षा मुद्दाम दोन्हीकडची एखादी डिस्क ओढून काढायची, सांगली पद्धत दहा मिनिटांत सावरायची. ऋषिराजला साताऱ्याहून फोन करून त्याच्या माणसाला पाठवावं लागायचं. कारखान्यात बोलणं सुरू झालं की सांगलीच जिंकणार. मीही तसंच म्हणत होतो, कारण कुपवाडचा माणूस आणखी काय म्हणणार.

आणि बाविसाव्या दिवशी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं भट्ट्या थंड असतात. लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, क्रेनचा हूक, सगळं पुसून स्वच्छ करतात, झेंडूच्या माळा घालतात, हळद-कुंकू लावतात. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विश्रांती. हा सगळा कार्यक्रम आकारामच्या ताब्यात. मेन स्विच तोच खाली ओढतो, आणि दसऱ्याला तोच वर करतो. समीक्षा दोन दिवसांच्या रजेवर वाडीला गेली होती. जाताना ऑफिसातला कॉम्प्युटर ती नीट बंद करून गेली, पण या खोलीबद्दल तिच्या डोक्यातच आलं नाही. पाटी लावली होती ना.

पूजेचं ताट घेऊन आम्ही त्या खोलीशी आलो. आत यूपीएसवर दहाही मशिनं घरघरत होती. आकारामनं यूपीएसच्या बटणाकडं हात नेला.

मी म्हणालो, "आकाराम, पाटी आहे की."

"आवं साहेब, ती रोजच्या दिवसाची पाटी हाय. आज खंडेनवमी."

"तरी पण."

"चालू मशिनीला कुंकू लावत्यात व्हय? हात गेला म्हंजे? फौजेत बी आमी गाडी बंद करूनच पूजा करायचो."

मला ते बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर आजही बरोबर वाटतं. त्यानं दोन्ही यूपीएस बंद केले, घरघर थांबली, ओल्या फडक्यानं दहाही मशिनांचं तोंड पुसून त्यानं कुंकवाचं बोट लावलं. खोलीच्या उंबऱ्यावर नारळ मी फोडला.

दसऱ्याला सकाळी आकारामनं सगळं चालू केलं. त्याची शिस्त अशी की एकदम काही चालू करायचं नाही, लोड येतो. एक मशिन, पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरं. अशी दहा मशिनं त्यानं दुपारपर्यंत उठवली, आणि इंटरनेटचा डबा ऑफिसच्या लायनीवर असल्यानं सगळ्यात शेवटी. हिरवे दिवे लागले. आपट्याची पानं वाटून आम्ही घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी आठला समीक्षा आली. साडेआठला मी तिकडून जाताना खोलीत डोकावलो. तिच्या पडद्यावर सगळं लाल होतं. ती आरडाओरडा करत नव्हती. मशिनावरचं कुंकू बघत होती. माझ्यामागोमाग आकाराम आला.

"आकाराममामा, ही बंद केली हुती का?"

"व्हय. दोन्ही यूपीएस. पूजा नगं का?" आकाराम अभिमानानं म्हणाला. "चालू बी मीच केलीत. एकेक करून, नीट."

ती खाली बसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पहिलं मशिन उघडलं, मग दुसरं, आणि मला कळेल अशा शब्दांत सांगत गेली. बंद मशिनातलं घड्याळ बटणाएवढ्या सेलवर चालतं. पाचातल्या तिघांचे सेल मेलेले. वीज आहे तोवर काही कळलं नाही. वीज गेली आणि तिघांची घड्याळं पडली, एक उठलं ते २००९ साली, एक २०१२ साली, एक भलत्याच महिन्यात. दोघांची तारीख बरोबर. इंटरनेट असतं तर तारीख आपोआप जुळली असती, पण तो डबा लागेपर्यंत मशिनांचं आपसांत बिनसलं होतं. तारीख जुळत नाही म्हटल्यावर कुणी कुणाचं मत धरेना. तिघांचं काही जमेना, म्हणून कोठाराला कुलूप.

"फोटो गेले?" मी विचारलं.

"नाही. सगळे आहेत. फक्त मागितले तर मिळत नाहीत."

शेजारी सातारी पद्धतीची पाच मशिनं कपाळावर कुंकू घेऊन हिरवीगार चालली होती. नवी मशिनं, नवे सेल. शिवाय त्यांच्यात मतदान नव्हतंच.

तेवढ्यात ऋषिराजचा फोन आला. तिनं तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला. "समीक्षा, माझ्याकडं आलेखात चोवीस तासांची खाच दिसतेय. लाईट गेली होती का गं?"

मी मान हलवून, हात हलवून तिला हो म्हण, हो म्हण करत होतो. लाईट गेली म्हटलं की संपलं. लाईट काय कुणाच्या बापाची आहे का? तोवर ती दुरुस्ती करेल आणि सोमवारच्या बैठकीत तीस दिवसांचा कागद स्वच्छ जाईल.

"सोमवारी सगळं सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं, लाईट गेली असं लिही की," मी म्हणालो. "तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"लाईट गेली तरी उठायला पायजे हुतं, साहेब. त्याचं उठलं." घाईत असली की तिची भाषा वाडीवर जायची. "उद्या कुठं ब्रेक तुटला आणि फोटो मागाय कुणी आलं, तर ते काय खंडेनवमी बघून येणार हाय?"

माझ्याच भल्याचं मी सांगत होतो, हे मला तेव्हाच कळलं होतं.

सेल आकाराम घेऊन आला. गाडीला किक मारून सांगलीत गेला आणि एका घड्याळजीकडून दहा बटण सेल कागदाच्या पुडीत बांधून आणले. या वेळी परवानगी कुणी विचारली नाही. मी समीक्षासाठी चहा घेऊन खोलीच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून त्याचा आवाज येत होता.

"पण पोरी, तू आधीच का मागितलं न्हाईस?"

"मागितले हुते. साहेबांनी ओळ खोडली."

"आगं, यादीत शेवटाला एक फालतू ओळ घालायची असती. ते खोडत्यात, मग आपलं खरं ऱ्हातंय. माझं टॉर्च कवा बगितलं न्हाईस व्हय?"

आत स्क्रू फिरू लागले. मी चहा दारातच ठेवला आणि माघारी फिरलो. चहा कुणी आणला ते तिला कळलं असणार, कारण कप माझ्या टेबलावरचा होता.

संध्याकाळी पाचला सांगली पद्धत उठली. एकही फोटो गेला नव्हता. नऊ तास लागले.

सोमवारी बैठक झाली. मालक, मी, समीक्षा, साताऱ्याहून आलेला ऋषिराज, आणि मेन स्विच कुणी बंद केला हे सांगायला दाराशी उभा केलेला आकाराम. समीक्षानं काही लपवलं नाही. बंद केव्हा झालं, चालू कसं केलं, किती वेळ अडकलं, सगळं ओळीनं सांगितलं. आकारामचं नाव घेताना म्हणाली, "त्यांनी रीतीप्रमाणं केलं. या कारखान्यात वर्षातून एकदा सगळं बंद होणार, हे मी धरायला पाहिजे होतं."

ऋषिराज भला माणूस निघाला. "तिची पद्धत वाईट नाही," तो म्हणाला. "डिस्क गेली तर ती सावरते, मला माणूस पाठवावा लागतो. घड्याळं बरोबर असती तर तासाभरात उठली असती. त्या पद्धतीत मला तरी दुसरा दोष दिसत नाही."

"मग सेल जुने आहेत हे आधी कळलं नव्हतं?" मालकांनी विचारलं.

"कळलं होतं," समीक्षा म्हणाली.

"मग बदलले का नाहीत?"

आता माझं नाव येणार म्हणून मी पाठ ताठ केली. उत्तरही तयार केलं: काटकसर, कंपनीचं हित, बावीस वर्षांची शिस्त. समीक्षानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, एखादा माणूस आपणहून पुढं येतोय का ते बघावं तसं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिलो.

"माझ्याकडून राहून गेलं," ती म्हणाली.

मालकांनी सातारी पद्धत निवडली. बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "लालासाहेब, खरं सांगू? दोन्ही पद्धती चालल्या असत्या. आणि सातारी घेतली तरी या पोरीला इथं ठेवायचं माझ्या मनात होतं. इतकं स्वच्छ सांगणारी माणसं कुठं मिळतात? पण माहीत असून एवढीशी गोष्ट राहून जाते म्हणजे... पंधरा वर्षांचे फोटो अशा हातात कसे द्यायचे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी बोललो. ते माझ्या हातून खोडले जात नाहीत.

बाहेर आकाराम उभा होता. मला बघून बाजूला झाला, आणि मी पुढं गेल्यावर मागून म्हणाला, "साहेब, तुमी बोलायला पायजे हुतं." आवाज चढवला नाही. फौजेतला माणूस, वरच्याला उलट बोलायची सवय नाही. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यानंतर मी दोनदा मालकांच्या केबिनपर्यंत गेलो. एकदा आत पाहुणे होते. एकदा कुणीच नव्हतं, तरी परत आलो.

मला त्याची लाज वाटते. एवढं साधं वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

दिवाळीच्या आधी दोन दिवस समीक्षा माझ्या टेबलाशी आली. कंत्राट संपलेलं माणूस कंपनीच्या वस्तू परत करतं, त्याची यादी खरेदी खात्यानं तपासून सही करायची असते. वस्तू तिनं टेबलावर ओळीनं मांडल्या.

"पुढं काय?" मी विचारलं.

"पुण्यात दोन ठिकाणी बोलावलंय. बघू."

"आबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, वाटलेलं पेढं काय माघारी मागायचं न्हाईत." ती हसली.

"समीक्षा, तू त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस?"

तिनं जरा विचार केला. "मी कशाला घ्यायचं, साहेब? तुम्ही तिथंच बसला होता."

मी यादी ओढून घेतली. लॅपटॉप, ओळखपत्र, खोलीची किल्ली, हेल्मेट, सेफ्टी बूट. सगळ्या वस्तू समोर होत्या. मी सवयीनं पेन उचललं आणि सवयीनंच माझे डोळे शेवटच्या ओळीवर गेले.

टॉर्च, दोन नग.

"हे टॉर्च?" मी विचारलं. "तुला कधी दिले?"

"कधीच नाही. ती ओळ तुमच्यासाठी घातलीय," समीक्षा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. इथली रीत तिला आता कळली होती आणि ती तिनं पाळली होती, तेवढंच. "ती खोडा आणि बाकीच्यावर सही द्या."

पट्टी धरून ओळ सरळ खोडायची माझी पद्धत. त्या दिवशीही पट्टी धरली आणि ती ओळ खोडली. खाली मी सही केली, ती कागद घेऊन उठली, आणि पॅटर्न स्टोअरच्या बाजूनं जाताना आकारामशी काहीतरी बोलत थांबलेली मला खिडकीतून दिसली. बावीस वर्षांत खोडायलाच हवी होती अशी तेवढी एकच ओळ माझ्या हातून खोडली गेली, आणि तीही तिनं लिहून दिली म्हणून.